शिक्षक दिनाची नक्कल

भामरे सरांनी अर्ज माझ्या टेबलावर ठेवला आणि ते उभेच राहिले. मी बसा म्हटलं तरी बसले नाहीत. अर्ज चार ओळींचा होता. घरगुती कारणामुळे काम सुरू ठेवणं शक्य नाही, तरी महिनाअखेर कार्यमुक्त करावं. खाली सही. अक्षर फळ्यावर असतं तसंच सरळ रेषेत.

नाशिकरोडच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी तेव्हा मुख्याध्यापिका होते. आता निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. भामरे सर आमच्याकडे शिक्षण सेवक म्हणून लागले होते. शिक्षण सेवक म्हणजे तीन वर्षं ठरावीक मानधनावर काम करायचं आणि काम चांगलं असेल तर कायम व्हायचं. सरांची दोन वर्षं झाली होती. एक वर्ष काढलं की नोकरी पक्की. अशा वेळी कोणी सोडून जात नाही. शिवाय ते दहावीला गणित शिकवत होते आणि अर्धा अभ्यासक्रम बाकी होता. सप्टेंबरात गणिताचा चांगला शिक्षक शोधून मिळत नाही.

मी विचारलं, घरी काय झालंय. ते म्हणाले, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे, मोतीबिंदू. मी म्हटलं, त्यासाठी रजा घ्या, पाहिजे तर जास्त घ्या. ते खाली बघत म्हणाले, "नको मॅडम. गावाकडंच बरंय." त्यांचं गाव सटाण्याजवळ. शेती थोडी, भाऊ बघतो. तिथे जाऊन हे काय करणार ते मला कळेना.

खरं सांगायचं तर मला वेगळाच संशय आला. गणिताच्या माणसाला खाजगी क्लासवाले नेहमी ओढतात. कोणीतरी जास्त पगार कबूल केला असेल असं मी धरून चालले. संस्थेकडे अर्ज पाठवण्याआधी दोन दिवस थांबू, म्हणून तो फाईलला लावला नाही.

त्याच दिवशी ऑफ पिरियडला शेख मॅडम आल्या. शेख मॅडम नववी 'ब'च्या वर्गशिक्षिका, मराठी शिकवतात. राहतात मनमाडला. वडील रेल्वेत होते. त्या स्वतः रोज पास काढून गाडीने ये-जा करतात. अकरा वर्षांत त्यांचा लेट मार्क मी चार-पाचदाच लावला असेल, आणि तोही गाडीमुळे. कमी बोलतात. त्यामुळे त्या स्वतःहून केबिनमध्ये आल्या की मी हातातलं काम बाजूला ठेवते.

"भामरे सरांनी अर्ज दिला ना?" त्यांनी विचारलं. "कारण खरं लिहिलेलं नाही."

मग त्यांनी जे सांगितलं ते समजायला शिक्षक दिनापासून सुरुवात करावी लागेल.

शिक्षक दिनाला आमच्याकडे, म्हणजे बहुतेक शाळांमध्येच, मोठी मुलं एक दिवस शिक्षक होतात. मुली साड्या नेसून येतात, मुलं फुल पँट घालतात, पाचवी-सहावीवर तास घेतात. दुपारी हॉलमध्ये कार्यक्रम असतो. त्या वर्षी नववी 'ब'च्या मृण्मयीने शिक्षकांच्या नकला केल्या होत्या. मृण्मयी वक्तृत्वात जिल्ह्यापर्यंत गेलेली मुलगी. उच्चार स्वच्छ, आवाज हॉलच्या शेवटच्या भिंतीपर्यंत जाणारा. तिने माझी नक्कल केली, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधते ती. पीटीच्या सरांची केली. आणि शेवटी भामरे सरांची.

भामरे सर वर्गात प्रमाण मराठीच बोलतात. पण एखादं गणित सुटत आलं, रंगात आले, की घरची अहिराणी मधेच बाहेर येते. "सोपं शे," म्हणतात. "समजनं का?" म्हणतात. मृण्मयीने ते नेमकं पकडलं होतं. शर्टाच्या खिशात कागदात गुंडाळलेले खडू, फळ्यासमोर येताना पायातली चप्पल सारखी करणं आणि प्रत्येक वाक्यानंतर ओढून काढलेलं "समजनं काऽऽ?" हॉल डोक्यावर घेतला मुलांनी. सर बाजूच्या खुर्चीत बसले होते, तेही हसले. कार्यक्रम छान झाला असं मी नंतर आभारात म्हटलं.

शेख मॅडम म्हणाल्या की त्या दिवसानंतर सरांना कॉरिडॉरमधून जाता येईना. पाचवीची मुलंसुद्धा मागून "समजनं का" ओरडायची आणि पळायची. ज्यांना सर शिकवतही नाहीत ती मुलं. सरांनी कोणाला पकडलं नाही, तक्रार केली नाही. वर्गात मात्र ते मोजून बोलायला लागले. दहावीच्या मुलींनीच मॅडमना सांगितलं होतं, सर आता रंगातच येत नाहीत.

"एवढ्यावर त्यांनी अर्ज दिला नसता," शेख मॅडम म्हणाल्या. "परवा गेटवर जे झालं त्यावरून दिलाय. मला सोनवणे मामांनी सांगितलं."

सोनवणे मामा म्हणजे आमचे शिपाई. मधल्या सुट्टीत ते गेटवर असतात. परवा सरांची आई डोळे तपासायला एसटीने नाशिकला आली होती. मुलाला डबा द्यायला आधी शाळेत आली. गेटशी नववीची आठ-दहा मुलं उभी होती. म्हातारीने त्यांना सांगितलं, "मना पोऱ्या आठे मास्तर शे." माझा मुलगा इथे मास्तर आहे. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकाने तेच वाक्य तिच्याच सुरात परत म्हटलं. मग दुसरीने. मग सगळ्यांनी. मृण्मयी त्यात होती.

म्हातारीला दिसतही नीट नव्हतं. तिला वाटलं, ही आपल्याकडचीच मुलं. ती इतकी खूश झाली की तिने विचारलं, "तुम्ही बी बागलाणनाच का?" बागलाण म्हणजे त्यांचा सटाण्याकडचा भाग. मुलं फिदीफिदी हसायला लागली. ती पण त्यांच्याबरोबर हसली. पिशवीतून काढून तिने त्यांना पेरू वाटले.

सर डबा घ्यायला आले तेव्हा हे चाललं होतं. आई त्यांना सांगत होती, तुझ्या शाळेतली पोरं किती चांगली आहेत, आपली बोली बोलतात. सरांनी तिला नळाजवळ नेलं, पाणी दिलं, रिक्षात बसवलं. दुसऱ्या दिवशी अर्ज लिहिला.

मग मुख्याध्यापिकेने जे करायचं असतं ते मी सांगितलं. त्या आठ-दहा जणांना केबिनमध्ये बोलावते, पालकांना चिठ्ठी पाठवते, प्रत्येकाकडून माफीनामा लिहून घेते.

शेख मॅडम म्हणाल्या, "माफीनामा नको मॅडम. ती मुलं तो सुंदर लिहितील. मीच त्यांना तसं लिहायला शिकवलंय. मूल्यशिक्षणाच्या तासाला या महिन्याचं मूल्य सौजन्यशीलता होतं. मृण्मयीने त्यावर भाषण केलं, पहिला नंबर आला. मला एक आठवडा द्या आणि सरांचा अर्ज वर पाठवू नका."

आठवडा मी दिला. पण मला राहवलं नाही आणि मृण्मयीच्या वडिलांना मी फोन केलाच. ते शाळा समितीवर होते, बांधकाम साहित्याचा मोठा व्यवसाय. संध्याकाळी आले. मी नकलेचा विषय काढल्यावर ते शांतपणे म्हणाले की स्टेजवरचा कार्यक्रम शाळेनेच बसवला होता, प्रॅक्टिस शिक्षकांनी पाहिली होती, मग एकट्या मुलीला जबाबदार कसं धरता. मी म्हटलं, तिला कुठे थांबायचं ते कळायला हवं होतं.

त्यांनी खिशातून फोन काढला. "मॅडम, तुम्हीच बघा. थांबायला कोणी सांगितलं होतं का?"

व्हिडिओ होता. कोणीतरी बाजूने काढलेला, त्यामुळे स्टेज अर्धं आणि पुढच्या खुर्च्या अर्ध्या दिसत होत्या. मृण्मयी "समजनं का" म्हणते आणि पहिल्या रांगेत एक बाई पोट धरून हसते, रुमालाने डोळे पुसते. ती मी. फ्रेमच्या कडेला भामरे सर दिसत होते. ते स्टेजकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. मी हसते आहे हे पाहून झाल्यावर मग ते हसले.

मी व्हिडिओ दोनदा पाहिला. मृण्मयीच्या वडिलांना चहा दिला, गेटवर काय झालं ते सांगितलं. त्यावर त्यांचा चेहरा उतरला. हे मला तिने सांगितलं नाही, एवढंच म्हणाले आणि गेले. तो माणूस वाईट नव्हता. त्यांचं म्हणणंही बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी मी शेख मॅडमना विचारलं, मी हसले ते तुम्हाला दिसलं होतं का. त्या म्हणाल्या, हो. मग तुम्ही काल बोलला का नाहीत, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "मीही थोडी हसले होते. चप्पल सारखी करतात तेव्हा. शेवटी हसले नाही. मला अजून दर वर्षी कोणीतरी पालक विचारतात, मॅडम, तुमचं मराठी इतकं चांगलं कसं. मी थँक यू म्हणते. भामरे सर तसेच हसत होते."

अकरा वर्षं मी त्यांच्याबरोबर काम केलं होतं. हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. आणि त्यांच्या मुलाखतीच्या वेळी मीही मनात तसंच काहीसं म्हटलं होतं, हे मला तिथे बसल्या बसल्या आठवलं. तेवढं मात्र मी त्यांना सांगितलं नाही.

सोमवारी परिपाठाला मी माईक घ्यायचं ठरवलं. परिपाठ म्हणजे शाळा भरताना मैदानावर होणारी प्रार्थना, प्रतिज्ञा, बातम्या. आदल्या दिवशी आमच्या पर्यवेक्षकांना फोनवर सांगितलं तर ते नकोच म्हणाले. मुलांसमोर मुख्याध्यापिकेने माफी मागितली तर उद्या धाक कोणाचा राहणार, असा त्यांचा मुद्दा. त्यांना वाटणारी भीती मलाही होतीच. नोकरीत तीस वर्षं मी मुलांना माफी मागायला लावत आले होते. स्वतः मागायची सवय नव्हती.

मी फार बोलले नाही. शिक्षक दिनाला भामरे सरांच्या बोलण्याची नक्कल झाली तेव्हा मी हसले. मी हसले म्हणून तुम्हाला वाटलं की हे चालतं. ते चालत नाही. सर, मी आपली माफी मागते. एवढंच. मग माईक मी पुढचा सुविचार वाचणाऱ्या सातवीतल्या मुलीकडे दिला. भामरे सर दहावीच्या रांगेमागे उभे होते. त्यांनी हात जोडले. जोडलेले हात बराच वेळ खाली आले नाहीत.

तिसरा तास नववी 'ब'वर शेख मॅडमचा होता. मी मागच्या बाकावर बसायची परवानगी मागितली. त्यांनी दिली, पण मधे बोलू नका असं बजावलं.

त्यांनी पुस्तक उघडलं नाही. गेटवर त्या दिवशी काय झालं ते पहिल्यापासून सांगितलं. कोण होतं, कोण नव्हतं, कोणाचंही नाव घेतलं नाही. आवाज चढवला नाही. त्या फक्त आजींच्या बाजूने सांगत होत्या. त्यांना एका डोळ्याने दिसत नाही. पहाटे उठून डबा केला. एवढ्या मोठ्या शहरात आपल्यासारखी बोलणारी मुलं भेटली म्हणून त्यांनी आपल्याजवळचे पेरू दिले. मुलाला सांगितलं, तुझी शाळा चांगली आहे. मग मॅडम थांबल्या आणि म्हणाल्या, "ते पेरू तुम्ही खाल्लेत." आणि हजेरी घ्यायला लागल्या.

मी चाळीसेक वर्गांत बसले असेन, पण हजेरी इतक्या हळू आवाजात दिलेली ऐकली नाही. काही मुलं खाली बघत होती. मृण्मयी सरळ समोर बघत होती, तिचा चेहरा लाल झाला होता.

हजेरी संपली तेव्हा खिडकीजवळच्या बाकावरून जयश्री नावाची मुलगी उठली. पाचवीपासून आमच्याकडे, हुशार, गप्प. तिने सांगितलं की तिच्या घरी अहिराणीच बोलतात, ते कळवणचे. आणि नकलेला तीही हसली होती, सगळ्यांत जोरात. तिच्यावर कोणाचं लक्ष जाऊ नये म्हणून. हे सांगून ती बसली. मॅडमनी मान डोलावली आणि घंटा झाली.

पुढचं मला मॅडमकडून आणि सरांकडून कळलं. मधल्या सुट्टीत मृण्मयी शेख मॅडमकडे गेली, मी काय करू म्हणाली. मॅडम म्हणाल्या, मला विचारू नकोस, ज्यांना लागलं त्यांना विचार. ती स्टाफरूमच्या दारात पूर्ण एक तास उभी राहिली. सर बाहेर आले तेव्हा तिने माफी मागितली. सर म्हणाले, झालं ते झालं, अभ्यास कर. बहुतेक मुलं इथे सुटका झाली म्हणून निघून जातात. ती गेली नाही. तिने विचारलं, आजी परत कधी येणार आहेत, मला त्यांची माफी मागायची आहे.

तेव्हा भामरे सर पहिल्यांदा कडक बोलले. "आईला काही सांगायचं नाही. तिला माहीत नाही तुम्ही काय करत होता. ती गावात सगळ्यांना सांगतेय, नाशिकची पोरं आपली भाषा बोलतात. तू माफी मागितलीस तर तिला कळेल. मग तिचं काय राहील?"

हे मृण्मयीने मला नंतर स्वतः सांगितलं. ती म्हणाली, मॅडम, तोपर्यंत मला वाटत होतं की माफी मागितली की संपतं. मला तर माफी मागायचीही सोय राहिली नाही.

दोन दिवसांनी ती जयश्रीशेजारी जाऊन बसली. आजींच्या एका डोळ्याचं ऑपरेशन आधी होणार होतं आणि दुसऱ्यासाठी त्यांना दिवाळीआधी परत यायचं होतं. मृण्मयीने ठरवलं होतं की आजींना जे वाटलं ते खरं करायचं. म्हणजे अहिराणी शिकायची. जयश्री आधी तयार नव्हती. तुला परत नक्कल करायची असेल, असं ती तोंडावर म्हणाली. मृण्मयीने ते ऐकून घेतलं. मग हळूहळू मधल्या सुट्टीत त्यांचं सुरू झालं. गेटवरची आणखी चार-पाच मुलं येऊन बसायला लागली. वक्तृत्वात बक्षिसं घेणारी मुलगी दोन शब्द नीट म्हणायला अडखळते आणि जयश्री तिला पुन्हा म्हणायला लावते, हे मी व्हरांड्यातून बघत असे.

सगळी शाळा एका आठवड्यात सुधारली असं मुळीच नाही. दहावीतली तीन मुलं पुढे पंधरा दिवस सरांच्या पाठीमागे ओरडत होती. एकाला मी शेवटी घरी पाठवलं. पाचवीच्या मुलांना तर काय बंद झालं आणि का, तेच कळलं नव्हतं. पर्यवेक्षक दर दोन दिवसांनी मला धाकाबद्दल विचारायचे. महिनाअखेर आली तेव्हा मी सरांना म्हटलं, अर्ज अजून माझ्याकडेच आहे, काय करू. ते म्हणाले, आईचं ऑपरेशन होऊ दे मॅडम, मग बघू.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या आठवड्यात आजी आल्या. एका डोळ्याचं झालं होतं, काळा चष्मा होता. या वेळी सोनवणे मामांनी मला निरोप दिला आणि मी ऑफिसच्या पायरीवर येऊन थांबले. गेटवर मृण्मयी, जयश्री आणि बाकीची मुलं उभी होती. सर लांबून येत होते. मुलं दिसल्यावर त्यांचा पाय अडखळला, हे मी पाहिलं.

मृण्मयी पुढे झाली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "आजी, डोळा कसा शे?"

आजींनी तिच्याकडे नीट पाहिलं. आता त्यांना दिसत होतं. म्हणाल्या, "डोळा नही व माय, डोया."

"डोया कसा शे?"

"बरा शे. जेवण व्हयनं का तुमनं?"

पुढे आजी भराभर बोलत सुटल्या. मृण्मयीला त्यातलं निम्मं कळलं नाही. जयश्रीने तिला सांगितलं, आजींनाही तिनेच उत्तर दिलं. जयश्रीला शाळेच्या आवारात एवढ्या मोठ्याने बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. सर येऊन उभे राहिले. आई त्यांना सांगत होती की या पोरीला अजून नीट येत नाही, तू शिकव. सर म्हणाले, "शिकवतो." मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि डबा घेतला.

दुसऱ्या दिवशी ते केबिनमध्ये आले. मी ड्रॉवरमधून अर्ज काढून त्यांच्यासमोर धरला. त्यांनी घडी करून खिशात ठेवला आणि मला सांगितलं की दहावीचा भूमितीचा एक धडा मागे पडलाय, सुट्टीत चार जादा तास घ्यायला वर्ग उघडून मिळेल का. मी मामांना किल्ली द्यायला सांगितलं. सर पुढच्या वर्षी कायम झाले. अजून तिथेच आहेत.

शेख मॅडमना मी म्हटलं, तुम्ही हे सगळं आधीच ठरवलं होतं का. त्या म्हणाल्या, नाही, मला फक्त एवढंच माहीत होतं की मुलांना गोष्ट पूर्ण सांगितली पाहिजे. पुढचं त्यांनी केलं. मग त्यांची गाडीची वेळ झाली आणि त्या गेल्या.

मूल्यशिक्षणाच्या रजिस्टरमध्ये या प्रकाराची कुठेच नोंद नाही, कारण तिथे त्यासाठी रकाना नव्हता. नव्या मुख्याध्यापकांनी एकदा मला विचारलं, मुलांना सौजन्य शिकवण्यासाठी काही उपक्रम सुचवा. मी त्यांना म्हटलं, मुलांकडून माफीनामा लिहून घेण्याआधी मोठ्यांपैकी कोणाची माफी मागायची राहिली आहे का, ते बघा. बहुतेक वेळा राहिलेली असते.